श्वास परत आणण्याची विद्या : काल आणि आज

आपल्या स्मरणिकेत दरवर्षी इतिहासावर एखादा लेख असतो. आजवर त्यात किल्ले आले, बादशहा आले, जुनी ग्रंथालये आली. यंदा संपादक मंडळाने मला लिहावयास सांगितले, तेव्हा मी म्हणालो, "मी वायरमन माणूस. अडतीस वर्षे कारखान्यात तारा जोडल्या. मला कोणता इतिहास येणार?" त्यावर मंडळातील एक तरुण शिक्षक म्हणाले, "चाचा, रविवारी शाळेच्या हॉलमध्ये मुलांना जे शिकवता, त्याचाच इतिहास लिहा." म्हणून हा लेख.

रविवारी मी शिकवितो ती गोष्ट अशी : एखाद्याचा श्वास थांबला, हृदय थांबले, तर डॉक्टर येईपर्यंत जवळच्या माणसाने काय करावे. याला सगळीकडे सी. पी. आर. म्हणतात. मराठीत हृदय-फुप्फुस पुनरुज्जीवन असे म्हणतात. नाव जड आहे, पण काम दोन हातांचे आहे. ही विद्या मला आयुष्यात एकदा नव्हे, चार वेळा नव्याने शिकावी लागली. असे का झाले, हे सांगितले म्हणजे तिचा इतिहास आपोआप सांगून होईल.

भिंतीवरचा चार्ट

१९७५ साली आय. टी. आय. करून मी ट्रॉम्बे पट्ट्यातील एका कारखान्यात लागलो. त्या काळी चेंबूर म्हणजे कामगारांचे गाव. १९५४-५५ साली येथे तेलशुद्धीकरणाचे कारखाने आले, पाठोपाठ टाटांचे वीज केंद्र आले, पुढे खतांचा कारखाना आला. पहाटेच्या बसगाड्या माहुलच्या आणि ट्रॉम्बेच्या दिशेने कामगारांनी भरून जात.

१९४८ च्या कारखाने कायद्याप्रमाणे त्या काळी दर १५० कामगारांमागे प्रथमोपचाराची एक पेटी ठेवावी लागे, आणि ती पेटी शिकलेल्या माणसाच्या ताब्यात असावी लागे. आमच्या खात्यातून माझी निवड झाली आणि १९७६ साली मला संध्याकाळच्या प्रथमोपचार वर्गाला पाठविण्यात आले. प्रमाणपत्र मिळाले तेव्हा अब्बांनी ते चौकटीत बसवून दिवाणखान्यात लावले. घरात लावलेले ते पहिलेच प्रमाणपत्र.

वर्गात आम्हाला कृत्रिम श्वसनाच्या तीन पद्धती शिकविल्या. एकीत माणसाला पालथे घालून पाठ दाबायची आणि कोपर धरून हात वर उचलायचे. दुसरीत उताणे ठेवून हात डोक्यामागे न्यायचे आणि पुन्हा छातीवर दाबायचे. तिसरी, सर्वांत शेवटी सांगितलेली, तोंडाने तोंडात श्वास देण्याची. बंद पडलेले हृदय बाहेरून दाबता येते, असे शिक्षकांनी जाता जाता सांगितले, पण ते काम डॉक्टरांचे, आपण त्यात पडू नये, असे बजावले.

कारखान्यात मात्र एकच पद्धत चाले, ती भिंतीवरची. १९५६ च्या भारतीय विद्युत नियमांप्रमाणे वीज वापरणाऱ्या प्रत्येक कारखान्यात, विजेचा धक्का बसलेल्या माणसाला कसे शुद्धीवर आणावे याच्या सूचना स्थानिक भाषेतही लावणे सक्तीचे होते. त्या तक्त्याला आम्ही 'शॉक चार्ट' म्हणत असू. आमच्या स्विचरूममधला चार्ट धुराने पिवळा पडला होता. त्यावर एक माणूस पालथा पडलेला आणि दुसरा त्याच्या दोन्ही बाजूंना गुडघे टेकून कमरेच्या वर दाब देत असलेला, असे चित्र होते. ते पाहत आम्ही रोज डबे खात असू.

१९७९ च्या पावसाळ्यात, दुसऱ्या पाळीत, पंपहाऊसमध्ये एका हेल्परला शॉक लागला. वय बावीस. माझ्याच गल्लीत राहणारा. आदल्या रात्री आम्ही एका ताटात जेवलो होतो. मी मेन स्विच पाडला आणि त्याला ओढून कोरड्या फळ्यांवर घेतले. श्वास नव्हता. तोंडाने श्वास द्यावा म्हणून मी त्याची हनुवटी वर करू लागलो, तेवढ्यात आमचे उस्ताद ओरडले, "पालथा घाल त्याला! चार्टवर काय लिहिलंय?" उस्तादांना वीस वर्षांचा अनुभव आणि चार्ट सरकारी नियमाने लावलेला. मी त्याला पालथे घातले. चित्रात दाखविल्याप्रमाणे दाब द्यायचा, सोडायचा, पुन्हा द्यायचा, असे कारखान्याची गाडी इस्पितळात पोचेपर्यंत मी करीत राहिलो. चार्टप्रमाणे पाहिले तर माझ्या हातून एकही चूक झाली नाही. इस्पितळात डॉक्टरांनी नाडी पाहिली आणि चादर वर ओढली.

रात्री मी त्याच्या आईला म्हणालो, "खाला, आम्ही सगळे काही केले." त्या वेळी ते मला खरे वाटत होते.

हे चित्र आले कोठून?

त्यानंतर तो चार्ट माझ्या डोळ्यांपुढून जाईना. हे चित्र कोणी काढले, कोणी ठरविले, हा प्रश्न पडला. पुढे अनेक वर्षे जमेल तसे वाचले, डॉक्टर मंडळींना विचारले. त्यातून जे हाती आले ते थोडक्यात सांगतो.

मेलेला वाटणारा माणूस खरोखर मेला आहे काय, हा प्रश्न फार जुना आहे. तेराव्या शतकातील इब्न अबी उसैबिआ यांनी वैद्यांच्या चरित्रांचा एक मोठा ग्रंथ अरबीत लिहिला. त्यात बगदादची एक हकिकत आहे आणि तिचा नायक एक हिंदुस्थानी वैद्य आहे. खलिफा हारून अल-रशीद यांचा चुलतभाऊ इब्राहिम मरण पावला असे सर्वांनी मानले. सालिह बिन बहला हा हिंदी वैद्य मात्र तो जिवंत आहे म्हणून हटून बसला. त्याने इब्राहिमच्या अंगठ्याच्या नखाखाली सुई टोचली, तेव्हा हात मागे ओढला गेला. मग त्याने कफन उतरवून, अंग धुऊन, नेहमीचे कपडे घालावयास सांगितले. जागा झाल्यावर स्वतःला कफनात पाहून माणूस भीतीनेच मरेल, असे त्याचे म्हणणे. त्यानंतर शिंका आणणारी पूड भात्याने नाकात फुंकली. इब्राहिम शिंकला आणि उठून बसला, असे ग्रंथकार सांगतो. आजचे डॉक्टर म्हणतील, तो मेलाच नव्हता, खोल बेशुद्धीत होता. असेल. पण सर्वांनी हात टेकल्यावर एकाने पुन्हा तपासून पाहिले, ही त्या हकिकतीतील शिकण्यासारखी गोष्ट आहे.

युरोपात या विषयाकडे लक्ष गेले ते पाण्यात बुडणाऱ्या माणसांमुळे. १७३२ साली स्कॉटलंडमध्ये विल्यम टोसाक नावाच्या शल्यवैद्याने कोळशाच्या खाणीत गुदमरलेल्या एका कामगाराच्या तोंडात स्वतःचा श्वास फुंकून त्याला जगविले. १७४० साली पॅरिसच्या विज्ञान अकादमीने बुडालेल्यांसाठी हाच उपाय सुचविला. १७६७ साली ॲमस्टरडॅममध्ये आणि १७७४ साली लंडनमध्ये बुडालेल्यांना वाचविणाऱ्या संस्था निघाल्या. त्यांचे काही उपाय आज वाचून हसू येते. माणसाला पिंपावर गडगडविणे, घोड्यावर आडवे टाकून पळविणे, इतकेच काय, भात्याने गुदमार्गातून तंबाखूचा धूर सोडणे हा त्या वेळी मान्यवर डॉक्टरांचा उपाय होता. १८११ साली बेंजामिन ब्रॉडी यांनी तंबाखू हृदयाला विषासारखी बाधते हे दाखविले, तेव्हा हा धूर हळूहळू विझला.

तोंडाने श्वास देण्याची पद्धतही याच सुमारास मागे पडली. सोडलेल्या श्वासात दूषित वायू असतो हे नव्याने कळले होते, मग तो दुसऱ्याला कसा द्यावा, अशी शंका आली. शिवाय किळस होतीच. खरे पाहता सोडलेल्या श्वासातही सुमारे १६ टक्के प्राणवायू उरतो, आणि तेवढा माणसाला पुरतो. पण हे सिद्ध व्हायला आणखी दीडशे वर्षे लागली.

दरम्यान हात लावून छाती-पाठ हलविण्याच्या पद्धती आल्या. १८५६ साली मार्शल हॉल, १८५८ साली सिल्व्हेस्टर, १९०३ साली शेफर, १९३२ साली डेन्मार्कचे होल्गर नील्सन. आमच्या चार्टवरचे चित्र होते शेफर यांचे. १९०३ सालची पद्धत १९७९ साली मी माझ्या मित्राच्या पाठीवर करीत होतो.

हैदराबादचा निकाल आणि विसरलेला शोध

या सर्व पद्धतींत एक गोष्ट समान होती. विचार फक्त श्वासाचा, हृदयाचा नाही. असे का झाले, याच्याशी आपल्या शेजारचे हैदराबादही थोडेसे जोडलेले आहे.

एकोणिसाव्या शतकात शस्त्रक्रियेच्या वेळी क्लोरोफॉर्म देत. त्याने अधूनमधून निरोगी माणसेही टेबलावर मरत. ती श्वास थांबून मरतात की हृदय थांबून, असा मोठा वाद होता. आपला मराठवाडा त्या वेळी निजामाच्या राज्यात होता. सहावे निजाम महबूब अली खान यांच्या पैशाने १८८८ आणि १८८९ साली हैदराबादेत एडवर्ड लॉरी या डॉक्टरच्या पुढाकाराने दोन आयोग बसले. शेकडो जनावरांवर प्रयोग झाले. निकाल असा की धोका श्वासाला आहे, हृदयाला नाही. श्वासावर लक्ष ठेवा म्हणजे झाले. काम मोठ्या मेहनतीचे होते, त्याचे नाव जगभर झाले, पण निकाल अपुरा होता. क्लोरोफॉर्मने हृदयाची लय अचानक बिघडूनही मृत्यू येतो, हे १९११ साली गुडमन लेव्ही यांनी दाखविले. बावीस वर्षे गेली.

याहून चटका लावणारी गोष्ट जर्मनीतील ग्योटिंगेन गावची. १८९१ साली फ्रीड्रिख मास या तरुण शल्यवैद्यासमोर क्लोरोफॉर्मने हृदय थांबलेले रुग्ण आले. त्याच्या गुरूंच्या पद्धतीत छाती सावकाश दाबायची असे. मास यांनी घाईघाईने, मिनिटाला १२० च्या वर वेगाने, हृदयावर दाब दिला, आणि रुग्णांत धुगधुगी परतली. त्यांनी हे लिहून छापले. आज जगभर जे शिकवितात ते जवळजवळ हेच आहे. पण कोणी लक्ष दिले नाही. शोध लागला आणि कागदात पुरला गेला. तो पुन्हा लागायला सुमारे सत्तर वर्षे जावी लागली.

बाल्टिमोरचे दोन हात

१९८६ साली कारखान्याने मला पुन्हा वर्गाला पाठविले. या वेळी एक डॉक्टरबाई शिकवायला होत्या. भूलतज्ज्ञ होत्या. टेबलावर एक रबरी बाहुली. बाई म्हणाल्या, "माणसाला उताणा ठेवा. छातीच्या मधोमध तळहाताचा मागचा भाग टेका आणि दाबा. हे काम आता फक्त डॉक्टरांचे नाही."

मी उभा राहून विचारले, "बाई, हे केव्हापासून माहीत आहे?"

त्यांनी सांगितले ते असे. अमेरिकेत विजेच्या तारांवर काम करणारे कामगार शॉक लागून मरत, म्हणून वीज कंपन्यांनी संशोधनाला पैसे दिले. बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातील विल्यम कौवेनहोव्हेन हे डॉक्टर नव्हेत, विद्युत अभियंते. थांबलेल्या हृदयाला विजेचाच झटका देऊन ते पुन्हा लयीत आणता येईल काय, यावर ते अनेक वर्षे काम करीत होते. १९५८ साली त्यांचा तरुण साथीदार गाय निकरबॉकर याने पाहिले, की यंत्राच्या जड पट्ट्या कुत्र्याच्या छातीवर दाबताच, झटका देण्याआधीच, रक्तदाब थोडा चढतो. म्हणजे बाहेरच्या दाबानेही रक्त पुढे सरकते. शल्यवैद्य जेम्स ज्यूड यांच्यासह त्यांनी ते माणसांवर करून पाहिले. जुलै १९६० मध्ये त्यांचा लेख प्रसिद्ध झाला. २० रुग्णांपैकी १४ वाचले होते. यासाठी कोणतेही उपकरण नको, दोन हात पुरेत, असे त्यांनी त्यात सांगितले.

त्याच शहरात पीटर साफार यांनी १९५७ च्या सुमारास स्वतःहून तयार झालेल्या माणसांना भूल देऊन, त्यांचा श्वास औषधाने थांबवून, जुन्या आणि नव्या पद्धती ताडून पाहिल्या. पालथ्या पद्धतीत जीभ मागे पडून घसा बंद होई आणि हवा आत जातच नसे. तोंडाने दिलेला श्वास मात्र पोचत होता. जेम्स ईलम यांनीही आधी हेच दाखविले होते. श्वास आणि दाब, दोन्ही एकत्र आले आणि आजची सी. पी. आर. जन्मली. नॉर्वेतील खेळणी बनविणारे आस्मुंड लेर्डाल यांनी १९६० साली शिकण्यासाठी बाहुली तयार केली. वर्गातली बाहुली तीच.

मी मनात हिशेब केला. १९६० आणि १९७९. एकोणीस वर्षे. तारेवर मरणाऱ्या कामगारांसाठीच लागलेला शोध एकोणीस वर्षांत आमच्या स्विचरूमच्या भिंतीपर्यंत पोचला नव्हता. वर्ग संपल्यावर मी जिन्यात बसून राहिलो. बाई बाहेर आल्या, मी त्यांना पंपहाऊसची गोष्ट सांगितली. त्या म्हणाल्या, "त्याची छाती दाबली असती तर तो जगलाच असता, असे मी म्हणणार नाही. शॉकने हृदय नुसते थरथरत राहते, त्याला बहुधा यंत्राचा झटकाच लागतो. पण वेळ मिळाला असता. तुम्हाला जे ठाऊक नव्हते त्याचा दोष तुमचा नाही. आता ठाऊक झाले, ते पुढे सांगा."

दुसऱ्या दिवशी मी साहेबांकडे जाऊन चार्ट बदलायची विनंती केली. छापील नवा येईपर्यंत जुना काढता येणार नाही, असे उत्तर मिळाले. मग मी एका ड्रॉइंग पेपरवर उताणा माणूस आणि त्याच्या छातीवर दोन हात असे चित्र काढले आणि जुन्या चार्टखाली खळीने चिकटविले. उस्ताद तोवर निवृत्त झाले होते. नवा छापील चार्ट पुष्कळ उशिरा आला. तोपर्यंत माझे वेडेवाकडे चित्रच होते.

आकडे का बदलतात?

आम्हाला १९८६ साली शिकविले, एकट्याने १५ दाब आणि २ श्वास. २००६ साली पुन्हा वर्ग झाला, तेव्हा ३० दाब आणि २ श्वास. एक जुना सहकारी चिडून म्हणाला, "दर वेळी आकडा बदलता, म्हणजे आधीचे खोटे होते काय?" प्रश्न रास्त आहे. पालक आणि विद्यार्थी दोघांनीही त्याचे उत्तर समजून घ्यावे.

छाती दाबली की हृदयाच्या स्वतःच्या रक्तवाहिन्यांत दाब हळूहळू चढतो. थांबलो की तो लगेच कोसळतो, आणि पुन्हा चढायला बरेच दाब द्यावे लागतात. श्वास देण्यासाठी वारंवार थांबणे महाग पडते, हे प्रयोगांनी कळले. म्हणून २००५ साली प्रमाण ३०:२ झाले. शिवाय हृदय अचानक थांबलेल्या माणसाच्या रक्तात पहिली काही मिनिटे प्राणवायू शिल्लक असतो, तो फिरता ठेवणे अधिक गरजेचे. म्हणून २००८ साली अमेरिकन हार्ट असोसिएशनने सांगितले, की शिक्षण नसलेल्या माणसाने मोठ्या व्यक्तीची फक्त छाती दाबली तरी चालेल. २०१० साली 'आधी श्वास, मग दाब' हा क्रम उलटा झाला. २०१५ साली वेग मिनिटाला १०० ते १२० आणि खोली पाच ते सहा सेंटिमीटर अशी मर्यादा आखून दिली. २०१७ साली भारतातील भूलतज्ज्ञांच्या संघटनेच्या पुनरुज्जीवन परिषदेने आपल्या देशातील सामान्य माणसांसाठी स्वतंत्र पद्धत ठरविली. तिच्यात श्वास देणे नाही. ओळखा, दाबा, लवकर इस्पितळात पोचवा, एवढेच. २०१८ साली मी चौथ्यांदा शिकलो ते हे.

आधीचे खोटे नव्हते. ज्याला जेवढे दिसले तेवढे त्याने सांगितले, आणि पुढच्याने तपासून दुरुस्त केले. हैदराबादचा आयोग, शेफर, माझे १९७६ चे शिक्षक, सगळे प्रामाणिक होते. दोष तपासणे थांबविण्यात असतो, आणि तपासलेले लोकांपर्यंत न पोचविण्यात असतो.

आमच्या जिन्यातली गोष्ट

२०१९ च्या मार्च महिन्यात आमच्या इमारतीत एक गृहस्थ संध्याकाळी जिना चढताना कोसळले. आरडाओरडा ऐकून मी खाली धावलो. वय त्रेसष्ट, गुडघे धरलेले. पोचेपर्यंत तिसऱ्या मजल्यावरची, अकरावीतली एक मुलगी आधीच गुडघे टेकून दाब देत होती. माझ्या रविवारच्या वर्गात ती घडी घातलेल्या गोधडीवर शिकली होती. तिची अम्मी वरून ओरडत होती, "हात लावू नकोस, पोलिसांची भानगड होईल!" ती थांबली नाही. मला म्हणाली, "चाचा, तुम्ही मोजा, मी दमले की बदला." आम्ही दर दोन मिनिटांनी बदलत राहिलो. दुसऱ्याने १०८ ला फोन केला. ते गृहस्थ तीन आठवड्यांनी घरी आले.

खरे सांगितले पाहिजे. मी आयुष्यात तीन जणांची छाती दाबली. दोघे गेले, हे एक राहिले. ही विद्या म्हणजे चमत्कार नव्हे. पण महाराष्ट्रात २०१४ साली १०८ ची रुग्णवाहिका सेवा आली तरी चेंबूर नाक्याच्या गर्दीतून गाडीला यायला वेळ लागतोच, आणि मेंदूला रक्त मिळाले नाही तर चार-पाच मिनिटांत इजा सुरू होते. तेवढ्या वेळेत पोचतो तो फक्त शेजारी.

पोलिसांच्या भीतीविषयी : रस्त्यावरील अपघातात मदत करणाऱ्याला त्रास देऊ नये, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१६ साली बजावले आणि २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात तसे कलम आले. संकोचाविषयी : परदेशी पाहण्यांत दिसले, की सार्वजनिक ठिकाणी कोसळलेल्या स्त्रीला पुरुषापेक्षा कमी वेळा ही मदत मिळते, कारण लोक छातीला हात लावायला कचरतात. आपल्याकडे हा संकोच अधिकच असणार. ज्या घरात आई-बहिणी आहेत त्या घरातील बायकांनीच ही विद्या आधी शिकावी, आणि कोणी नसेल तर पुरुषाने थांबू नये. प्राण जात असताना मर्यादा मोडत नाही.

करायचे ते एवढेच. विजेचा शॉक असेल तर आधी वीज बंद करा. माणसाला हलवून हाक मारा. उत्तर नाही आणि श्वास नाही, किंवा उचकीसारखा तुटक श्वास आहे, तर तो श्वास समजू नका. कोणाला तरी १०८ लावायला सांगा. कठीण जमिनीवर उताणे ठेवा. छातीच्या हाडाच्या खालच्या अर्ध्या भागावर, मधोमध, एकावर एक तळहात, कोपर ताठ, मिनिटाला १०० ते १२० वेळा, पाच ते सहा सेंटिमीटर खोल. प्रत्येक दाबानंतर छाती पूर्ण वर येऊ द्या. मदत येईपर्यंत थांबू नका. बुडालेली व्यक्ती आणि लहान मूल यांना श्वासाचीही गरज असते. त्यासाठी मात्र रीतसर शिकावे लागते. वाचून हात चालत नाहीत, म्हणून वर्गाला या.

आपल्या मुलांसाठी एक गोष्ट

शेवटी एक हकिकत. १९६७ साली अमेरिकेतील पिट्सबर्ग शहरात, ज्यांना कोणी नोकरी देत नव्हते अशा कृष्णवर्णीय तरुणांना घेऊन फ्रीडम हाऊस नावाची रुग्णवाहिका सेवा सुरू झाली. शिकविणारे होते तेच पीटर साफार. त्या काळी तेथे पुष्कळ ठिकाणी पोलीस गाडीतून रुग्णाला नुसते उचलून नेत. या तरुणांनी वाटेतच उपचार करायला सुरुवात केली. १९७५ साली शहराने स्वतःची सेवा काढली आणि ती संस्था बंद झाली, पण रुग्णवाहिकेत शिकलेला माणूस असावा, ही गोष्ट जगाला दाखविणाऱ्यांत ही मुले पहिल्या रांगेत होती. कोणाला शिकण्यालायक समजायचे, हे जगाने ठरवून टाकलेले असते. शिक्षण संस्था असतात त्या तो निकाल बदलण्यासाठी.

आपल्या शाळेच्या व्हरांड्यात आता एक तक्ता लावला आहे. नववीच्या मुलामुलींनी तो काढला. चित्रातला माणूस उताणा आहे, हात छातीच्या मधोमध आहेत. मी त्यांना एकच गोष्ट जोडायला सांगितली. तक्त्याच्या खालच्या कोपऱ्यात त्यांनी साल लिहिले आहे आणि पुढे लिहिले आहे : "नवे कळले की हा काढून दुसरा लावावा."